सहा टक्के हळू

"पिंजी ल्या वं मायऽ, गादी पिंजी ल्याऽ, उशी पिंजी ल्याऽ..."

माझ्या आजोबांची ही हाळी मी शेवटची ऐकली तेव्हा सहा वर्षांची होते. धुळ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आधी हाळी वळायची, मागून आजोबा वळायचे, आणि त्यांच्या खांद्यावर त्यांच्याहून उंच, कापूस पिंजायची धनुकली. आम्ही पिंजारी. धनुकलीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, कापसावर छेडली की घुमते. कापसात कचरा असेल तर ती जड घुमते, कापूस निर्मळ झाला की तिचा सूर हलका होतो. आजोबा कापसाकडे बघायचेसुद्धा नाहीत. गल्लीतल्या बायकांशी थट्टा करता करता एकदम थांबायचे आणि म्हणायचे, "झाली माय तुन्ही गादी."

तो कान अब्बांकडे आला. फोमच्या गाद्या आल्या, धनुकली भिंतीला लागली, आणि अब्बांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नासीर पिंजारी. पुढे चाळीसगाव, साक्री, मालेगावहून लोक त्यांच्याकडे घरगुती म्युझिक सेंटर घेऊन यायला लागले. एकाच पेटीत वर तबकडी फिरणारी, मध्ये रेडिओ, खाली कॅसेट, आणि दोन बाजूंना दोन स्पीकर. ज्या घरात हॉल म्हणून एकच खोली असते त्या घरासाठी बनवलेला सगळा गाण्याचा संसार. लोक म्हणायचे, मेकॅनिक पुष्कळ आहेत, नासीरभाईचा कान एकच आहे.

तो कान पाच वर्षांपूर्वी गेला.

एकदम गेला नाही. आधी झांज गेली, मग चिमण्या गेल्या, मग स्वयंपाकघरातून हाक मारणारी अम्मी गेली. एक दिवस दुकानात मी एका सेटच्या डाव्या स्पीकरमध्ये खरखर ऐकत होते, आणि अब्बा त्याच सेटसमोर मान डोलावत गिऱ्हाईकाला सांगत होते, "एकदम साफ झालाय." गिऱ्हाईकाच्या कपाळावर आठी आली. मी नकळत टेबलावर, डाव्या स्पीकरच्या पायाशी, अंगठ्याचं नख दोनदा वाजवलं. अब्बांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "डावा थोडा खरखरतो," म्हणाले. गिऱ्हाईक खूश.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून तीच रीत पडली. एक टिचकी म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. बोट गोल फिरलं तर वेगात गडबड. तळहात टेबलावर सपाट टेकला म्हणजे सगळं ठीक. मी सेट उघडायचे, झाळायचे, पुसायचे, ऐकायचे. अब्बा डोळे मिटल्यासारखे करून पापण्यांच्या फटीतून माझा हात बघायचे, लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. माणसं भारावून जायची. जाताना एखाद्याची नजर माझ्याकडे वळायची.

"पोरगी मदत करते वाटतं. चांगलंय. लग्न होईपर्यंत वेळ जातो."

मी एकतीस वर्षांची आहे.

समोरच्या चहाच्या टपरीवरच्या सुपडूभाऊंनी मात्र हे केव्हाच हेरलं होतं. कप ठेवता ठेवता एकदा हळूच म्हणाले, "तुन्हा बाप बोटंसवरी आयकस का वं?"

"चहात साखर कमी आहे, सुपडूभाऊ."

"बरं. मी काही दखं नही."

घरी हा विषय काढायची सोय नव्हती. एकदाच काढला. अम्मी, म्हणजे हसीनाबी, पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बापाची लाज झाकायला देवाने मुलगी दिलेली असते. तुझं नाव कुणी घेतलं नाही म्हणून काय झिजलीस?" झिजले नव्हते. पण रोज कुणीतरी माझ्या हातच्या कामावर दुसऱ्याचं नाव लिहीत होतं आणि ते लिहिण्यासाठी दौत मीच धरून उभी होते. ह्याचा राग येऊ नये, इतकी मी निर्मळ पिंजलेली नाही.

*

तरुणभाई जळगावचे. बापजाद्यांचं कापडाचं मोठं दुकान, घराणं मूळचं मारवाडातलं. त्यांना जुन्या म्युझिक सेंटरचा नाद लागला तो चार-पाच वर्षांपूर्वी. भंगारवाल्यांकडून, बंद घरांच्या माळ्यांवरून त्यांनी त्रेचाळीस सेट जमवले. त्यातले एकोणीस आमच्या दुकानात बोलते झाले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी काचेची कपाटं केली आणि प्रत्येक सेटखाली छापील चिठ्ठी लावली. साल, कुठून मिळाला, आणि खाली "पुनरुज्जीवन: नासीर पिंजारी, धुळे". ते फोटो त्यांनी अब्बांच्या फोनवर पाठवले होते. एकोणीसच्या एकोणीस मी मोठे करून वाचले.

विसावा सेट घेऊन ते स्वतः आले, आणि सोबत त्यांच्या आई, लाडकुंवरकाकी. हा सेट विकत घेतलेला नव्हता. तरुणभाईंच्या जन्माच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी, कन्हैयालालशेठनी, घरी आणलेला. तीस वर्षं मुका होता.

काकींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली.

"ह्यात माझ्या आईचा आवाज आहे. चाळीसगावहून माझ्या बाळंतपणाला आली होती ती, जन्म तिथेच गेला तिचा. तरुणला पाळण्यात घालून गाते. ह्याच पेटीवर भरलं होतं. मी जळगावात दोन ठिकाणी लावून बघितली. त्यातून कुणी पोरगीच बोलते. घाईघाईने बोलते. ती माझी आई नाही."

तरुणभाई हसले. "माँ, कॅसेट तीच, आवाज तोच. तुला आता वयाने तसं वाटतं."

"माझ्या आईचा आवाज मला ओळखता येत नाही का?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

अब्बांना ह्यातलं काही पोचलं नसावं. ते सेटच्या लाकडावरून हात फिरवत होते. मला मात्र त्या बाई फार जवळच्या वाटल्या. खरं सांगत होत्या आणि खोलीतलं कुणी ते हिशेबात धरत नव्हतं. "उस्ताद बघतील, काकी," एवढंच मी म्हणाले. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी उस्ताद बोलतो.

सेट उघडला. आतले रबरी पट्टे वितळून डांबर झाले होते. ते स्पिरिटने पुसण्यातच दोन दिवस गेले. पट्टे नवे घातले, सुकलेले कपॅसिटर बदलले, मग वेग लावायला घेतला. ह्याची एक ठरलेली पद्धत आहे. एक तपासणीची कॅसेट असते, तिच्यावर एकच सूर भरलेला असतो, सेकंदाला तीन हजार कंपनांचा. मोटरच्या पाठीत एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. मीटरवर तीन हजार दिसेपर्यंत तो स्क्रू फिरवायचा. मी फिरवला. तीन हजार. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं.

मग काकींची कॅसेट घातली. खरंच, एक पोरगी घाईघाईने गात होती.

मी पुन्हा लावली. गाण्याकडे कान न देता गाण्याच्या खाली काय आहे ते ऐकू लागले. तिथे एक घूं होती. त्या खोलीतल्या ट्यूबलाइटच्या चोकची असेल, पंख्याची असेल, पण विजेची. ज्या आवाजाला सगळे कचरा म्हणतात तोच. विजेची घूं साऱ्या देशात एकाच सुराची असते. आमच्या टेबलाखालचा ट्रान्सफॉर्मरही तीच घूं करतो. दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या पण पुऱ्या जुळल्या नसल्या, तर त्यांच्यामध्ये एक थरथर उठते. पिंजाऱ्याच्या घरात हे शिकवावं लागत नाही. कॅसेटमधली घूं आणि टेबलाखालची घूं एकमेकींना जुळत नव्हत्या. थरथर होती.

मी स्क्रू उलटा फिरवायला सुरुवात केली. केसाएवढा. थरथर मंदावली. अजून केसभर. कुणीतरी दमून चालावं तशी झाली. मग थांबली. दोन घूं एक झाल्या, आणि त्यांच्यावर एक म्हातारी बाई येऊन बसली. दम लागलेली, पण घाईत नसलेली. मागे पाळण्याची कडी कुरकुरत होती.

नीज रे मन्हा सोना, पाळना सागवानना
रेशीमनी दोरी त्याले, झोका तुन्हा मामाना

जन्मभर चाळीसगावच्या शेतकरी बायकांत राहिलेली मारवाडी बाई. पाळणा अहिराणीत गात होती.

पुन्हा तपासणीची कॅसेट घातली तर मीटर म्हणाला, दोन हजार आठशे वीस. सहा टक्के हळू. तेव्हा उलगडलं. हा सेट नवा होता तेव्हापासून, नाहीतर कुणाच्या दुरुस्तीने, हळू चालत होता. हळू चालत्या यंत्रावर भरलेला आवाज बरोबर चालत्या यंत्रावर पळत सुटतो. लाडकुंवरकाकींची आई जगात एकाच पेटीत राहत होती, आणि ती पेटी सहा टक्के हळू असली तरच.

मी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला, हलू नये म्हणून. आणि अब्बांसाठी चिठ्ठी लिहिली, कारण आता बोलून पुरत नव्हतं. "वेग मुद्दाम २८२० ठेवलाय. काकींच्या कॅसेटसाठी. तरुणभाईंना नक्की सांगा, कुणी बदलू नये." अब्बांनी वाचली, घडी केली, खिशात घातली.

"सांगतो."

मी स्वतः फोन करू शकले असते. नाही केला. जी रीत माझा गळा दाबत होती ती मीच पाळली.

*

रविवारी सकाळी आम्ही पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने जळगावला गेलो. सेट आणि कॅसेट आधीच पोचले होते. तरुणभाईंनी कपाटांच्या त्या मजल्याचं उद्घाटन ठेवलं होतं, आणि अब्बांचा सत्कार. साठ-सत्तर माणसं. खाली भरीत-पुरीची तयारी चालू होती, तिचा वास जिन्याने वर येत होता. अब्बांना पुढे बसवलं. मला एका बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या सोबत का? मग ह्या पाण्याच्या बाटल्या जरा स्टेजवर ठेवता?" ठेवल्या.

शाल झाली, नारळ झाला. तरुणभाई बोलले. नासीरभाईंच्या कानाने एकोणीस मुक्या यंत्रांना वाचा दिली, आणि आज विसावं आमच्या घरचं. टाळ्या. लाडकुंवरकाकी पहिल्या रांगेत, मांडीवर रुमाल, रुमालात कॅसेट.

ती लावण्याआधी भूषण नावाचे गृहस्थ पुढे आले. भुसावळचे, जुन्या यंत्रांचे व्हिडिओ करतात, त्यांना बघणारे हजारो आहेत म्हणे. "एक छोटी टेस्ट घेऊ या, माझ्या प्रेक्षकांसाठी," म्हणत त्यांनी स्वतःची तपासणीची कॅसेट घातली आणि सेटसमोर फोन धरला. फोनवर आकडा आला.

"अठ्ठावीसशे वीस. तीन हजार पाहिजे." त्यांनी फोन सगळ्यांकडे फिरवला. "सहा टक्के स्लो. उस्ताद, एवढा फरक तर नवशिक्यालाही कळतो."

लोक हसले. अब्बांना हसणं दिसलं, शब्द नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी उभी होते, तिथून तळहात सपाट धरला. सगळं ठीक.

"एकदम ठीक आहे," अब्बा माइकमध्ये म्हणाले.

आता हसणं मोठं झालं. भूषणनी फोन त्यांच्या डोळ्यांपुढे नेला. अब्बांनी आकडा वाचला. मी त्यांचा चेहरा बघत होते. आकडा त्यांनी ओळखला. चिठ्ठीवरचा आकडा. त्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. मग तो हात खिशापाशी थबकला आणि ते म्हणाले,

"चूक झाली. माफ करा. माझ्या मुलीच्या हातून राहिलं असणार. मी आत्ता लावून देतो."

पाच वर्षांत चारचौघांत माझा पहिला उल्लेख. एकोणीस सेटांच्या वेळी मी नव्हते, चुकीच्या वेळी मात्र होते. आणि अब्बा शालीसकट सेटच्या मागे वाकले, शर्टाच्या खिशातला बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. ते तीन हजार करणार होते. साठ माणसांसमोर त्या म्हातारीला पुन्हा पोरगी करून पळवत लावणार होते, आणि काकींना पुन्हा सांगितलं जाणार होतं की तुला वयाने तसं वाटतं.

"अब्बा, हात लावू नका."

त्यांना कुठून ऐकू येणार. मी खुर्च्यांमधून गेले आणि त्यांचं मनगट धरलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नेलपॉलिशच्या थेंबावर टेकलेलं होतं.

"ताई, प्लीज," भूषण म्हणाले, "लाइव्ह चालू आहे. हे थोडं टेक्निकल आहे."

"मग लाइव्हच ऐका," मी म्हणाले. "ही चूक नाही. तुमची कॅसेट कारखान्यात भरलीय, तिला तीन हजार पाहिजे. काकींची कॅसेट ह्या पेटीवर भरलीय आणि ही पेटी तेव्हाच हळू होती. वेग मी हळू ठेवलाय. मुद्दाम. कॅसेटवरच्या विजेच्या घूंशी आमच्या टेबलाची घूं जुळवून ठेवलाय. तुमच्या फोनला यंत्र बरोबर आहे की नाही ते कळतं. आत कोण आहे ते त्याला कळत नाही."

"म्हणजे यंत्र चुकीचं लावून तुम्ही..."

"काकी, कॅसेट द्या."

काकी उठल्या. मुलाने हात पुढे केला होता, त्याच्या हातात न देता त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी लावली. आधी कडीची कुरकुर आली. मग नीज रे मन्हा सोना.

पहिली ओळ संपेपर्यंत काकींनी खुर्चीची पाठ धरली होती. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलू लागले. "झोका तुन्हा मामाना" हे शेवटचे शब्द त्यांनी टेपच्या बरोबरीने म्हटले, पुढेही नाही, मागेही नाही. पाळण्यातलं पोर टेपमध्ये एकदा कुरकुरलं, तर त्या थेट तरुणभाईंकडे बघून म्हणाल्या, "गप. ऐक. आ म्हारी माँ है."

भूषणनी फोन खाली घेतला. खालून पुऱ्या तळल्याचा आवाज येत होता.

तरुणभाईंनी डोळे पुसले. भला माणूस आहे, मी नाही म्हणत नाही. डोळे पुसून ते वळले, माझ्यासमोरून वळले, आणि अब्बांचे दोन्ही हात हातात घेतले.

"नासीरभाई, तुम्ही सांगा. हे बरोबर आहे ना? तुम्हीच मुद्दाम ठेवलं होतं ना असं?"

मी तिथे हातभर अंतरावर उभी होते. सगळं सांगून झालं होतं, ऐकवून झालं होतं, काकींनी आपली आई ओळखली होती, आणि तरी शिक्का अब्बांचाच पाहिजे होता. अब्बांना प्रश्न ऐकू आला नाही. पण तो प्रश्न आहे हे त्यांना कळलं, आणि सवयीने त्यांची नजर माझे हात शोधू लागली. सेटच्या लाकडावर तळहात टेकवला असता, तर ते म्हणाले असते, हो, मुद्दाम. टाळ्या झाल्या असत्या. भरीत-पुरी झाली असती. संध्याकाळच्या एसटीने आम्ही शाल घेऊन घरी आलो असतो.

मी दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

अब्बा थोडा वेळ त्या ओढणीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी. तरुणभाईंच्या हातांतून आपले हात सोडवले. माइक अजून चालू होता. आपला आवाज किती मोठा येतोय हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते फार मोठ्याने बोलले.

"काय विचारलंत ते मला समजलं नाही, तरुणभाई. मला ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली." त्यांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली, ती उलगडायला वेळ लागला. "ही मुलगी ऐकते. मिसबाह. तुमच्या कपाटातले एकोणीस आणि हा विसावा, सगळे हिने ऐकलेत. हा वेग असाच ठेवा असं हिने लिहून दिलं होतं. चिठ्ठी माझ्याजवळ होती, ह्या आकड्यावर तुम्ही हसलात तेव्हाही होती. मी काढली नाही. काढली असती तर तुम्ही विचारलं असतं की उस्ताद, हे कुणाला ऐकू आलं."